गाळाचं देणं

शालिवाहनाचा शक, विक्रमाचा संवत, शिवछत्रपतींचा राज्याभिषेक शक. वर्षं मोजायची ती राजांपासून, ही आपली सवय. केरळात कोची शहरासमोर वायपिन नावाचं एक लांबट, चिंचोळं बेट आहे. तिथे एके काळी वर्षं मोजली जात ती एका पुरापासून. त्या कालगणनेचं नाव 'पुदुवैप्पु'. 'पुदु' म्हणजे नवं आणि 'वैप्पु' म्हणजे आणून ठेवलेलं, साठलेलं. जिथे काही नव्हतं तिथे नदीने आणि समुद्राने मिळून जमीन आणून ठेवली, त्या घटनेचा हा शक. त्याची सुरुवात होते इसवी सन १३४१ मध्ये.

त्या साली पेरियार नदीला प्रचंड पूर आला. ही केरळातली सगळ्यात लांब नदी. सह्याद्रीवरून धावत येते आणि किनाऱ्याजवळ पोचल्यावर एकदम मंदावते, कारण तिथे तिला कायल भेटतात. कायल म्हणजे किनाऱ्याला समांतर पसरलेली, खाऱ्या-गोड्या पाण्याची लांबच लांब सरोवरं. समुद्र आणि कायल यांच्यामध्ये वाळूची एक पट्टी असते आणि त्या पट्टीला अधूनमधून तोंडं असतात. मल्याळममध्ये अशा तोंडाला 'अळि' म्हणतात. १३४१च्या पुराने कोडुंगल्लूरचं तोंड गाळाने भरून टाकलं आणि तीसेक किलोमीटर दक्षिणेला असलेलं तोंड उघडून रुंद केलं. 'कोच्चु अळि', म्हणजे लहान तोंड, यावरून कोची हे नाव पडलं अशी एक व्युत्पत्ती सांगतात. नावांच्या व्युत्पत्तींवर माझा फारसा विश्वास नसतो, पण ही बरोबर असावी असं मनापासून वाटतं.

बुजलेलं तोंड साधंसुधं नव्हतं. कोडुंगल्लूरच्या परिसरात होतं मुझिरिस. ग्रीक आणि रोमन लोक मिरी घ्यायला जिथे येत, ते हे बंदर. तमिळ संगम काव्यात यवनांची जहाजं सोनं घेऊन येतात आणि मिरी घेऊन परत जातात, असं वर्णन आहे. व्हिएन्नात जपून ठेवलेल्या एका पपायरसावर मुझिरिसच्या मालाचा हिशेब आहे आणि जहाजाचं नावही आहे, हर्मापोलोन. रोमन लेखक थोरल्या प्लिनीची तक्रार अशी की, हिंदुस्थान दरसाल रोमचे पाच कोटी सेस्टर्स गिळतो. मुझिरिसबद्दल त्याने आणखी दोन कुरकुरी नोंदवल्या आहेत. जवळपास चाचे असतात ही एक. आणि जहाजं किनाऱ्यापासून लांब उभी करावी लागतात, माल होडक्यांतून न्यावा-आणावा लागतो, ही दुसरी. दुसरी कुरकुर लक्षात ठेवा. साडेअठराशे वर्षांनी एका इंग्रज इंजिनियरच्या टेबलावर तीच तक्रार येऊन पडणार आहे.

मराठी वाचकाला ही गोष्ट ओळखीची वाटेल. ग्रीक खलाशांच्या ज्या मार्गदर्शिकेत मुझिरिस आहे, त्याच 'पेरिप्लस'मध्ये आपलं सोपारा आहे, कल्याण आहे, चौल आहे. सोपाऱ्याच्या बंदरातून जगभर माल जायचा, हे आज नालासोपाऱ्याच्या फलाटावर लोकलची वाट पाहताना कोणाला खरं वाटेल? बंदरं मरतात ती बहुतेक वेळा युद्धाने मरत नाहीत, गाळाने मरतात. कोचीचं वेगळेपण इतकंच की, एका बंदराला ज्या गाळाने मारलं त्यानेच दुसरं जन्माला घातलं. २००७ पासून पट्टणम या गावात उत्खनन झालं, तेव्हा रोमन मद्यकुंभांचे तुकडे, मणी आणि मिरीचे दाणे मातीतून वर आले. हीच मुझिरिसची जागा का, यावर पुराविदांचे वाद आहेत. पुराविद म्हटले की वाद असणारच.

नव्या तोंडाची बातमी समुद्रावर लवकर पसरली. पंधराव्या शतकात चिनी सेनापती झेंग ह याच्या आरमाराबरोबर आलेल्या मा ह्वान नावाच्या दुभाष्याने कोचीचं वर्णन लिहून ठेवलं. शेतकऱ्यांकडून मिरी गोळा करून साठवायची आणि परदेशी व्यापारी आले की भाव ठरवून विकायची, ही तिथली व्यवस्था त्याने टिपली आहे.

मग फिरंगी आले. वास्को द गामा आधी आला तो कालिकतला, पण तिथल्या झामोरीन राजाशी पोर्तुगिजांचं जमलं नाही. १५०० साली काब्राल या पोर्तुगीज कप्तानाच्या माणसांवर कालिकतमध्ये हल्ला झाला, काब्रालने शहरावर तोफा डागल्या आणि डिसेंबरअखेरीस तो कोचीला पोचला. कोचीचा राजा लहान होता आणि झामोरीनच्या दाबाखाली होता. त्याने पाहुण्यांना मिरी दिली. शेजारच्या बलाढ्य भावकीला शह द्यायला बाहेरचा पैलवान आणायचा, हे गणित जगभर सारखंच आहे आणि त्याची किंमतही सारखीच असते. १५०३ मध्ये झामोरीन चालून आला, पोर्तुगिजांना माझ्या हवाली कर म्हणाला. कोचीच्या राजाने नकार दिला आणि तो वायपिन बेटावर आश्रयाला गेला. त्याच वर्षी अल्बुकर्क चुलतबंधू पोर्तुगालहून मदतीला आले. झामोरीनला मागे रेटून झाल्यावर त्यांनी कोचीच्या तोंडाशी लाकडी किल्ला बांधला. हिंदुस्थानातला युरोपियनांचा हा पहिला किल्ला. त्याच सुमाराला तिथे लाकडाचं एक चर्च उभं राहिलं, पुढे ते विटांचं झालं. सेंट फ्रान्सिस चर्च म्हणून ते आजही आहे. १५२४च्या नाताळाच्या आदल्या दिवशी वास्को द गामा कोचीतच वारला. त्याला या चर्चमध्ये पुरलं होतं. पंधरा वर्षांनी अस्थी पोर्तुगालला नेल्या. रिकाम्या थडग्यावरची शिळा तेवढी राहिली आहे आणि लोक तिच्याभोवतीच्या कठड्याला टेकून फोटो काढतात.

पोर्तुगिजांनी गोवा घेतल्यावरही त्यांचा कारभार काही काळ कोचीहून चालला. १५३० मध्ये राजधानी गोव्याला हलली. नंतर त्याच शतकात उलट्या दिशेने वेगळ्याच लोकांचा प्रवास सुरू झाला. गोव्यात देवळं पाडली जाऊ लागली, धर्मांतराची सक्ती आली, इन्क्विझिशन बसलं. गौड सारस्वतांची कुटुंबं गलबतांत बसून दक्षिणेला निघाली. काही मंगळूरला उतरली, काही थेट कोचीला. बरोबर कुडुंबीही आले, कष्टकरी, तेही कोकणी बोलणारे. कोचीच्या राजाने सारस्वतांना शहराच्या मट्टंचेरी भागात जागा दिली. तिथे त्यांनी तिरुमल देवस्वम हे वेंकटेशाचं देऊळ बांधलं. गंमत बघा: गोव्यातल्या पोर्तुगिजांना कंटाळून निघालेली माणसं अशा शहरात येऊन राहिली, जिथे नदीकाठच्या किल्ल्यात पोर्तुगीजच बसले होते. फरक एवढाच की इथे राजा आपला होता.

या सारस्वतांनी नंतर जे एक काम केलं, त्यासाठी देवनागरी वाचणाऱ्या प्रत्येकाने कोचीला एक नमस्कार करायला हरकत नाही.

१६६३च्या जानेवारीत वलंदेजांनी, म्हणजे डचांनी, पोर्तुगिजांकडून कोची जिंकून घेतलं. प्रोटेस्टंट असल्यामुळे त्यांनी कॅथलिक चर्चवर हात चालवला, सेंट फ्रान्सिस तेवढं आपल्या पूजेसाठी ठेवलं. पुढच्या दशकात मलबारचा डच अधिकारी होता हेंड्रिक व्हान रेडे. याला झाडांचं वेड होतं. शिवाय व्यवहारही होता: पूर्वेकडे आलेले शिपाई आणि खलाशी तापाने, हगवणीने मरत आणि युरोपातली औषधं इथे येईपर्यंत जुनी होत. इथल्या रोगावर इथलंच औषध असेल, तर ते कळायला हवं. व्हान रेडेने माणसं जमवली. झाडं आणणारे, चित्रं काढणारे, आणि झाडांची खरी ओळख असलेले. या शेवटच्या गटातला मुख्य माणूस इट्टी अच्युतन, ईळव जातीचा परंपरागत वैद्य. त्याच्या जोडीला तीन कोकणी वैद्य: रंगा भट, विनायक पंडित आणि आप्पू भट.

त्यातून 'होर्तुस मलाबारिकुस', मलबारची बाग, हा बारा खंडांचा ग्रंथ तयार झाला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅममध्ये छापला गेला. सातशेहून अधिक वनस्पती त्यात आहेत. इट्टी अच्युतन मल्याळममध्ये सांगायचा, त्याचं पोर्तुगीज व्हायचं, पोर्तुगीजचं डच आणि डचचं लॅटिन. झाडाचा गुण एवढ्या पायऱ्या उतरूनही शाबूत राहिला, याचं श्रेय दुभाष्यांना द्यायला हवं. त्यांची नावं सहसा कोणी घेत नाही. पुढे लिनियसने मलबारच्या वनस्पतींना शास्त्रीय नावं दिली ती या ग्रंथातली चित्रं समोर ठेवून.

पहिल्या खंडात या तिन्ही वैद्यांची साक्ष छापली आहे. आम्ही सांगितलं ते आमच्या जाणकारीने सांगितलं, अशा आशयाची. भाषा कोकणी, लिपी नागरी, साल १६७५. खिळे जुळवून केलेली ही छपाई नव्हती, तांब्याच्या पत्र्यावर हस्ताक्षर कोरून काढलेला तो ठसा होता. तरीही देवनागरी अक्षरं छापून कागदावर उमटली, त्याचं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण आहे. ग्रंथातल्या अनेक चित्रांवर झाडाची नावं रोमन, मल्याळम आणि अरबी लिपीबरोबर नागरीतही आहेत. विल्यम केरीचं मराठी व्याकरण श्रीरामपूरला देवनागरी खिळ्यांत छापलं गेलं ते १८०५ मध्ये, म्हणजे सव्वाशे वर्षांनंतर. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या पुढच्याच वर्षी, गोव्यातून परागंदा झालेल्या घराण्यांतले तीन वैद्य कोचीत बसून नागरीत साक्ष लिहीत होते. लॅटिनमधला हा ग्रंथ इंग्रजीत आणायला के. एस. मणिलाल या वनस्पतिशास्त्रज्ञाचं जवळजवळ आयुष्य गेलं. केरळ विद्यापीठाने तो अनुवाद २००३ मध्ये प्रसिद्ध केला.

मट्टंचेरीत आज फिरलं तर हे सगळं काही फर्लांगांच्या अंतरात भेटतं. पोर्तुगिजांनी राजाला बांधून दिलेला वाडा आहे. डचांनी त्याची डागडुजी केली म्हणून लोक त्याला डच पॅलेस म्हणतात. (दुरुस्ती करणाऱ्याचं नाव लागणं, हा इतिहासातला दुर्मीळ प्रकार.) बाहेरून हा वाडा अगदी साधा आहे. आत भिंतींवरचं रामायण मात्र असं ठासून भरलेलं, की मधे बोटभर जागा मोकळी नाही. वाड्याच्या मागच्या बाजूला परदेशी सिनेगॉग, १५६८ सालचं. 'परदेशी' हा शब्द मल्याळममध्येही तोच आणि अर्थही तोच: स्पेन-पोर्तुगालकडून हाकललेले ज्यू इथे आले, त्यांना आधीपासून इथे असलेल्या ज्यूंपासून वेगळं ओळखायला लावलेलं विशेषण. आतल्या जमिनीवर चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत, हाताने रंगवलेल्या. डचांना मदत केल्याच्या रागात पोर्तुगिजांनी १६६२ मध्ये हे सिनेगॉग जाळलं होतं. डच जिंकल्यावर ते पुन्हा उभं राहिलं. कोकणातल्या बेने इस्रायलांना, आपल्या शनवार तेल्यांना, धर्मशास्त्र शिकवायला एकोणिसाव्या शतकात जे शिक्षक आले त्यांतले बरेच या कोचीचे. १९४८ नंतर कोचीचे बहुतेक ज्यू इस्रायलला गेले. ज्यू टाउनमधल्या दुकानांत आता काश्मिरी गालिचे विकायला असतात आणि प्रार्थनेला किमान दहा पुरुष लागतात तेवढे जमणं केव्हाच थांबलंय.

याच गल्लीत मिरीचा वायदेबाजार होता. १९५७ पासून इथे दलाल एकमेकांच्या अंगावर ओरडून मिरीचा भाव ठरवत आणि तो जगभर जाई. आता सगळं पडद्यावर आलं आणि ओरडा थांबला. वास मात्र गेलेला नाही. सुंठ, वेलदोडा, मिरी यांच्या वखारींच्या बाजूने जाताना नाक आपोआप हुळहुळतं. जवळच गुजरात्यांची वस्ती आहे, कच्छी मेमन आहेत, जैन देरासर आहे, तमिळ परटांचा धोबीखाना आहे आणि सारस्वतांच्या घरात आजही दाळितोय शिजतं.

फोर्ट कोचीच्या काठावरची चिनी जाळी तुम्ही चित्रांत नक्की पाहिली असतील. ही जाळी चिन्यांनी आणली की मकावहून पोर्तुगिजांनी, याचा निकाल लागलेला नाही. यंत्र म्हणून मात्र ती नामी आहेत. सागवान आणि बांबूचा दहा मीटर उंच सांगाडा, पुढच्या टोकाला पसरलेलं जाळं आणि मागच्या टोकाला दोरांना टांगलेले दगड. तोल असा साधलेला असतो की एक माणूस मुख्य वाशावर चालत पुढे गेला, की त्याच्या वजनाने जाळं पाण्यात उतरतं. थोडा वेळ थांबायचं, मग चार-सहा जणांनी दोर ओढून ते वर घ्यायचं. आता जाळ्यात मासळीपेक्षा जलपर्णी आणि प्लास्टिक जास्त येतं आणि दोर ओढायची हौस भागवणाऱ्या पर्यटकांकडून चार पैसे सुटतात.

इंग्रजांनी १७९५ मध्ये कोची घेतलं आणि १८०६ मध्ये किल्ला व बऱ्याच इमारती सुरुंग लावून उडवल्या. पुढची शंभर वर्षं त्यांनी या बंदरासाठी विशेष काही केलं नाही. बंदराच्या तोंडासमोर समुद्रात वाळूचा एक लांबलचक उंचवटा होता. आतल्या बाजूला भरपूर खोल आणि शांत पाणी, पण मोठं जहाज तो उंचवटा ओलांडून आत येऊ शकत नव्हतं. ते बाहेर नांगर टाकून उभं राहायचं आणि चहा, काथ्या, मिरी पडावांतून तिथवर न्यावी लागायची. पावसाळ्यात तेही बंद. प्लिनीची तक्रार अक्षरशः जशीच्या तशी.

एप्रिल १९२० मध्ये रॉबर्ट ब्रिस्टो हा बंदर अभियंता इथे आला. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी त्याला पाठवलं होतं. वाळू उपसायची कल्पना नवी नव्हती. भीती जुनी होती. उंचवटा कापला तर समुद्राचा मारा सरळ वायपिनवर येईल, किनारा खचेल, कायलांचा तोल बिघडेल, असं जाणकार म्हणत. भीती वावगी नव्हती. ब्रिस्टोने आधी लाटा, वारे, प्रवाह आणि वाळूची सरक यांची निरीक्षणं केली आणि किनाऱ्याला दगडी बांधांचं संरक्षण दिलं. तांत्रिक प्रश्नापेक्षा राजकीय प्रश्न चिवट होता. पाणी कोची संस्थानाचं, फोर्ट कोचीचा तुकडा ब्रिटिशांचा, मागचा मुलूख त्रावणकोरचा. खर्च कोणी करायचा आणि जकात कोणी घ्यायची, यावर घोळ चालू राहिला. तरीही ड्रेजर चालत राहिला. २६ मे १९२८ रोजी 'पद्मा' ही आगबोट उंचवट्यातून कापलेल्या वाटेने आतल्या बंदरात आली.

उपसलेल्या मालाचं काय करायचं? ब्रिस्टोने तो कायलात वेंडुरुत्ती बेटाजवळ टाकला. वर्षानुवर्षं टाकत राहिला आणि सातशे-आठशे एकरांचं बेट तयार झालं. तेच विलिंग्डन आयलंड. त्यावर धक्के आले, रेल्वे आली, गोदामं आली, धावपट्टी आली आणि स्वतः ब्रिस्टोचं घरही आलं. समुद्राच्या तळातून काढलेल्या जमिनीवर आपण राहतो, याचा त्याला फार अभिमान होता. १३४१च्या पुराने जे एका फटक्यात केलं, ते या माणसाने हिशेबाने, वीसेक वर्षं खपून केलं. माझ्या मते कोचीचा दुसरा जन्मदाता हाच आणि गामाच्या रिकाम्या थडग्यापुढे जी गर्दी होते तिच्यातली थोडी याच्या वाट्याला यायला हवी होती.

बेटाच्या पलीकडच्या तीरावर, एर्नाकुलमच्या बाजूला, १९७२ मध्ये कोचीन शिपयार्ड स्थापन झालं. २६२ मीटर लांबीची 'विक्रांत', भारतात बांधलेली पहिली विमानवाहू नौका, इथेच तयार झाली. २ सप्टेंबर २०२२ रोजी ती नौदलात दाखल झाली. त्याच समारंभात नौदलाचा नवा ध्वज फडकला आणि त्यावरचा अष्टकोन शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला आहे.

अलीकडे कोचीत लोक आणखी एका निमित्ताने येतात. १२ डिसेंबर २०१२ रोजी, म्हणजे १२-१२-१२ला, कोची-मुझिरिस बिनाले सुरू झालं. दर दोन वर्षांनी भरणारं हे कलाप्रदर्शन बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू या चित्रकारांनी सुरू केलं. दोघेही मुंबईच्या जे. जे.त शिकलेले. मिरी-काथ्याच्या जुन्या वखारींत जगभरच्या कलाकृती मांडतात. ओल धरलेल्या भिंती आणि बाहेर कायल, त्यामुळे कुठल्याही वातानुकूलित दालनापेक्षा इथे बघायला बरं वाटतं. एप्रिल २०२३ पासून वॉटर मेट्रोच्या विजेवर चालणाऱ्या बोटी सुरू झाल्या. तिचा पहिला मार्ग हायकोर्ट ते वायपिन. वीस मिनिटांत तुम्ही पुदुवैप्पुच्या मुलखात.

नदी जुनं काही विसरलेली नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पेरियार पुन्हा तशीच फुगली. कोचीचा नेडुंबश्शेरी इथला विमानतळ पाण्याखाली गेला आणि दोन आठवडे बंद राहिला. तेव्हा प्रवासी विमानं उतरली ती विलिंग्डन आयलंडवरच्या नौदलाच्या धावपट्टीवर. तळाच्या चिखलातून काढलेलं बेट कोरडं होतं.

गाळ अजून येतोच आहे. २०११ मध्ये वल्लारपाडम बेटावर मोठ्या कंटेनर जहाजांसाठी टर्मिनल सुरू झालं. त्या जहाजांना लागणारी खोली टिकवायला वाट सतत उपसावी लागते आणि हा खर्च बंदराच्या गळ्याशी आलेला आहे. दोनशे किलोमीटर दक्षिणेला विळिंजमला निसर्गानेच खोल पाणी दिलंय, तिथलं बंदर २०२५ मध्ये रीतसर सुरू झालं. कोचीतल्या बंदरवाल्यांना त्याची धास्ती आहे. तोंडाच्या उत्तरेला वायपिनच्या टोकाशी मात्र समुद्र अजून नवी जमीन घालतो आहे. तिथेच शहराचं दीपगृह आहे, १९७९ मध्ये फोर्ट कोचीहून हलवलेलं, आणि त्याच बाजूला नैसर्गिक वायूचं टर्मिनल. त्या भागाचं नाव पुदुवैप्पु. संध्याकाळी दीपगृहावरून पाहिलं तर खाली पुळण दिसते आणि तिच्या पलीकडे, मधल्या वाटेत, ड्रेजर आपला गाळ काढत असतो.